नेता ढोंगी, जनता भोळी: काल्पनिक गट रचताना या चुका टाळा

बेळगावच्या आसपास हिवाळा आला की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, आणि मांडवात माणसं दिवसभर ऐकत बसतात. या भागातल्या मुलांसाठी मी कथालेखनाच्या कार्यशाळा घेतो. तिथं येणाऱ्या वह्या गेल्या काही वर्षांत बदलल्या आहेत. पूर्वी आई, शेत, शाळा, पाऊस असायचा. आता मुलं अख्खं जग रचून आणतात. पहिल्या पानावर नकाशा, मग दोन-तीन राज्यं, पंथ, टोळ्या, झेंडे, शपथा. मला हे मनापासून आवडतं. सीमाभागात वाढलेल्या मुलाला 'आपले' आणि 'त्यांचे' म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, ते त्यानं दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर आणि शेताच्या उताऱ्यावर पाहिलेलं असतं.

तरीही वहीत गट उतरतात ते पुठ्ठ्याचे. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका पाहतो आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. उदाहरणासाठी खानापूरकडच्या एका मुलीच्या कादंबरीचा आधार घेतो, तिच्या परवानगीनं. तिच्या खोऱ्यात दोन गट आहेत. मशालपंथ म्हणतो, डोंगरावरची मशाल विझता कामा नये आणि रान सगळ्यांचं आहे, ते कुणी विकायचं नाही. घाटपंच घाटाची जकात गोळा करतात. त्यांचं म्हणणं, रस्ता चालू राहिला तरच खोरं जगेल.

पुढारी पहिल्या दिवसापासून खोटं बोलतो

सगळ्यात जास्त वह्यांत ही चूक सापडते, म्हणून इथं थोडा थांबतो. त्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यात नवव्या प्रकरणात उघड होतं की मशालपंथाचा प्रमुख गुपचूप लाकूड विकतो आहे. वाचकाला धक्का बसावा अशी तिची इच्छा. मी विचारलं, "हा कधीपासून विकतोय?" ती म्हणाली, "सर, पहिल्यापासूनच. त्याचा मशालीवर विश्वासच नाही."

इथंच कथा कोसळली. विश्वासच नसलेला माणूस तीस वर्षं रोज पहाटे डोंगर चढून मशालीला नमस्कार का करेल? लाकूडच विकायचं तर त्याहून सोपे मार्ग आहेत. आणि त्याच्यामागून चालणारे हजारो लोक इतके आंधळे कसे?

लक्षण तपासायची रीत अशी: पुढाऱ्याला खोलीत एकटं बसवा. दार बंद, ऐकणारं कुणी नाही. आता तो काय पुटपुटतो ते लिहा. सभेत एक माणूस आणि बंद दाराआड दुसराच निघाला, तर तुमच्या हातात माणूस नाही, मुखवटा आहे. खरे पुढारी एकटे असतानाही बहुतेक तेच बोलतात, कारण त्यांनी आधी स्वतःला पटवलेलं असतं.

दुरुस्ती विश्वासातूनच सुरू करा. मशालीला तेल लागतं. तेलाला पैसा लागतो. एका वर्षी दुष्काळ पडला, तेलवाल्यानं उधारी बंद केली आणि प्रमुखानं एक वाळलेलं झाड विकलं. मशाल पेटती राहिली. त्या रात्री त्याला पाप वाटलं नाही, पुण्य वाटलं. पुढच्या वर्षी दोन झाडं गेली. मग लाकूडतोडीचं काम कुणाला द्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा त्यानं पुतण्याला दिलं, कारण परका माणूस बाहेर बोलेल आणि पंथाची बदनामी होईल. मग पुतण्याचं घर माडीचं झालं. या साखळीत एकही दिवस असा नाही की प्रमुखानं मशालीशी द्रोह करायचं ठरवलं. स्वार्थ आला तो विश्वासाच्याच दारातून आला. असा माणूस ढोंग्यापेक्षा कितीतरी भीतिदायक असतो, कारण त्याला उघडं पाडता येत नाही. पुरावे समोर ठेवले तर तो डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, "मशालीसाठीच केलं रे सगळं."

उलट बाजूही तपासा. नेत्याला एकदा तरी असं पेचात टाका की विचार सांभाळला तर खिसा जातो. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा मावळच्या देशमुखांपुढे हाच पेच होता: खानाकडे या, नाहीतर वतन जाईल. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीचे दोन वाटेकरी होते, कान्होजी जेधे आणि खंडोजी खोपडे. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं आणि मुलांसह शिवाजी महाराजांजवळ राहिले. खोपडे खानाला मिळाला. आपण त्याला फितूर म्हणून मोकळे होतो. पण लेखकानं तिथं थांबू नये. एकाच खोऱ्याच्या देशमुखीत निम्मा वाटा जेध्यांचा होता, निम्मा खोपड्यांचा, आणि दोन घराण्यांत वैर होतं. खोपड्याला खानाच्या फौजेत विजापूरपेक्षा शेजाऱ्याचा निम्मा वाटा जास्त दिसत असणार. मोठ्या लढाईत माणूस कुठल्या बाजूला जातो ते पुष्कळदा गावातल्या भावकीवरून ठरतं. पुढे खोपडे पकडला गेला, तेव्हा त्याच्या जिवासाठी रदबदली करायला गेले तेही कान्होजीच. हात-पाय तुटला, जीव वाचला. एवढ्या एका प्रसंगात विचार, स्वार्थ, वैर आणि शेजारधर्म सगळं एकत्र आहे, आणि एकानं दुसऱ्याला खोडलेलं नाही.

लोकांना एकच तोंड

"जनता खवळली." "जनतेनं जयघोष केला." वहीत हे वाक्य दिसलं की मी विचारतो, यातली तीन घरं दाखव.

निपाणी घ्या. तंबाखू पिकवणारा शेतकरी, तो विकत घेणारा व्यापारी आणि विड्या वळणाऱ्या बायका, गाव एकच. पण तंबाखूचा दर वाढला तर शेतकऱ्याच्या घरी सण आणि व्यापाऱ्याच्या गादीवर चिंता. विडीवाली मात्र दर हजार विड्यांच्या मजुरीकडे बघणार. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. हे तेच निपाणी, जिथं सीमाप्रश्नाच्या सभांना रस्ते भरून माणसं यायची. सीमेसाठी येणारा आणि दरासाठी येणारा माणूस पुष्कळदा एकच. त्यानं विचार बदलला नव्हता, त्या दिवशी त्याच्या 'आपण'मध्ये कोण कोण बसतं ते बदललं होतं.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली इथं आहे. मुलं स्वार्थ आणि विचार दोन वेगळ्या फडताळांत ठेवतात: वाईट माणसाकडे स्वार्थ, चांगल्याकडे विचार. पण विचार पहिलं काम करतो ते हद्द आखण्याचं, आपलं कोण आणि परकं कोण. हद्द ठरली की स्वार्थ तिच्या आत कामाला लागतो. माझा फायदा म्हणजे माझ्या पोटाचा, घराचा, गल्लीचा, जातीचा, भाषेचा, की खोऱ्याचा, हे स्वार्थ स्वतः ठरवत नाही.

सीमाभागातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. आजोबा दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून मूक सायकल फेरीत जाणारे. मुलगा सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा पास झालेला. नातू इंग्रजी शाळेत. ऊस त्या कारखान्याला जातो जो बिल वेळेवर देतो, मग तो सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे. शेताचा उतारा कन्नडात, देवघरातली पोथी मराठीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे घर दुटप्पी आहे. मला तसं वाटत नाही. या घरात प्रत्येक निर्णयाला वेगळी हद्द लागू होते, आणि कुठं कुठली लावायची हे त्या लोकांना न सांगता कळतं. तुमच्या काल्पनिक गटातल्या एका घरात असे चार निर्णय दाखवा, गट आपोआप श्वास घ्यायला लागेल.

मतपेटीही लक्षात ठेवा. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकांत, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. त्यावरून कुणी लिहिलं की लोकांनी मराठीपण सोडलं, तर ते चुकेल. मत देणं, फेरीत चालणं आणि मुलाचं नाव शाळेत घालणं या तीन वेगळ्या कृती आहेत. कादंबरीतल्या नागरिकालाही तिन्ही द्या, आणि तिन्हींची उत्तरं जुळलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका.

समोरच्याला विचारच नाही

आपला गट तत्त्वासाठी लढतो आणि समोरचा लोभासाठी. हे लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असं नाही. बहुतेक वेळा समोरच्याच्या घरात तो कधी गेलेला नसतो.

१९२४ साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याच वेळी, याच गावात, कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली. कन्नड बोलणारे लोक तेव्हा मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, हैदराबाद, म्हैसूर, कोडगू असे विखुरलेले होते, आणि प्रत्येक ठिकाणी आपण पाहुणे आहोत ही त्यांची वेदना होती. १९४६ साली याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथून जोर आला. शब्द दोन्हीकडे एकच: एकीकरण. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. एका घरात विखुरलेली भावंडं एकत्र आली, शेजारच्या घरात ताटातूट झाली. आजही त्याच तारखेला, त्याच शहरात, एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्यानं काळ्या दिनाची फेरी.

मी मराठी आहे, फेरीत चाललो आहे, आणि माझं मन कुठं आहे ते लपवत नाही. पण वर्गात मी मुलांना सांगतो की तुमच्या शत्रुगटाच्या माणसाच्या तोंडी एक असं वाक्य घाला जे वाचून तुम्हाला स्वतःला झोप लागणार नाही. त्या मुलीनं घाटपंचांच्या म्हाताऱ्या जकातदाराला असं बोलायला लावलं: "मशाल वरून दिसते. रस्ता बंद पडला त्या वर्षी बाळंतपणात गेलेल्या बायका वरून दिसत नाहीत." त्या एका ओळीनंतर तिच्या कादंबरीत खलनायक उरला नाही, आणि लढाई दुप्पट अवघड झाली.

अर्धं देऊ केलं तर काय, हा प्रश्न विचारलेलाच नाही

जवळजवळ प्रत्येक वहीत शेवट दोनच: संपूर्ण विजय किंवा संपूर्ण नाश. गटाची खरी परीक्षा अर्ध्या देण्यात होते, आणि तो प्रसंग कुणी लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

१९६६ साली सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्रानं न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ च्या अहवालानं सांगितलं: निपाणी, खानापूर, नंदगड हा भाग महाराष्ट्राला द्या, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहू द्या, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचा मुलूख म्हैसूरला द्या. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

आता कादंबरीकार म्हणून या कागदाकडे बघा. निपाणीच्या माणसाला जे हवं ते मिळत होतं. बेळगावच्या माणसाला काहीच नाही. अक्कलकोटच्या माणसाला तर कुणी न विचारता पलीकडे ढकललं जात होतं. तोवर तिघांची घोषणा एक होती. निव्वळ स्वार्थाचा हिशेब केला तर निपाणीनं हात पुढे करायला हवा होता. 'बेळगाव सोडून नको' हे तत्त्वातून आलेलं उत्तर आहे, आणि त्याची किंमत प्रत्येक गावानं सारखी मोजलेली नाही.

तुमच्या गटासमोर असाच कागद ठेवा. मशालपंथाला घाटपंच म्हणाले, वरचं रान तुमचं, खालचं आमचं. वरच्या गावांना सगळं मिळालं, खालच्या गावांना काहीच नाही. मग सभा बसवा आणि कोण आधी बोलतो, कोण खाली बघतो, कोण बाहेर जाऊन तंबाखू मळतो ते लिहा. वरच्या गावचा एखादा म्हातारा उठून "खालच्यांना सोडून मशाल नको" म्हणतो आणि त्याची सून मनात कपाळावर हात मारून घेते. हा एक प्रसंग दहा लढायांना भारी आहे.

माणसं आपोआप गोळा होतात

हे थोडक्यात सांगतो. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यानं १९६५ साली मांडलं की हित सगळ्यांचं असलं तरी मोठा समूह आपणहून हालत नाही. दुसरा जाईलच, मग मी घरी बसलो तर काय बिघडलं, असं प्रत्येकाला वाटतं. तेव्हा तुमच्या कादंबरीत मोर्चा निघाला तर तो कुणी काढला ते दाखवा. घरोघर सांगत कोण फिरलं? आला नाही त्याला उद्या गल्लीत काय ऐकावं लागेल? ट्रॅक्टर कुणाचा, डिझेल कुणाचं, दुपारच्या पिठलं-भाकरीची सोय कुणी केली? तालमीतल्या पोरांना वस्ताद नुसतं "यायचं" म्हणतो आणि ती येतात, त्यात विचार किती आणि वस्तादाचा धाक किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. भव्य शपथविधीपेक्षा एक भाकरी थापणारी बाई गटाबद्दल जास्त सांगते.

स्वार्थ म्हणजे फक्त पैसा

आमच्याकडे लक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा मानापानाचे प्रश्न निघतात. पहिली ओटी कुणाची, गाड्याला पहिला हात कुणाचा. या मानातून रुपया मिळत नाही, उलट खर्चच होतो. तरी एका मानासाठी भावकी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत. तुमच्या गटातल्या दुय्यम माणसांना पैशानं विकत घेण्याआधी बघा, त्यांना कुठला मान नाकारला गेला आहे. सेनापती फुटला तो थैलीमुळे असं लिहिलंत तर वाचक विसरेल. दरबारात आपल्या धाकट्या भावाला आपल्या आधी बसवलं म्हणून फुटला, तर विसरणार नाही.

फुटणाऱ्याला स्वतःचं म्हणणं नाही

गट सोडणारा माणूस "मी आता स्वार्थासाठी जातो" असं स्वतःशी कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, "गटच वाट चुकला, मी होतो तिथंच आहे." १६८९ नंतर राजाराम महाराजांच्या काळात मराठा सरदार आणि देशमुख औरंगजेबाकडे जात आणि परत येत. दोन्हीकडून वतनांचा लोभ दाखवला जाई. शिवाजी महाराजांनी आवरलेलं वतन पुन्हा मोकळं झालं ते या टंचाईतून. तरी इकडे येताना ते राज्य राखायला आलो म्हणत, आणि ते निव्वळ खोटं होतं असं मला वाटत नाही.

सोडता कुणाला येतं हेही बघा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यानं १९७० साली तीन वाटा सांगितल्या: निघून जाणं, आत राहून बोलणं, आणि निष्ठेनं थांबणं. खानापूरच्या सुताराला गोव्यात काम मिळतं, तो चोर्ल्याच्या घाटानं निघून जाऊ शकतो. शेतकऱ्याची जमीन पाठीवर बांधून नेता येत नाही. म्हणून सुतार गप्प निघून जातो आणि शेतकरी सभेत ओरडतो. मुलं याला स्वभावातला फरक समजतात. पुष्कळदा तो पायाखालच्या जमिनीचा फरक असतो.

गट म्हातारा होत नाही

पन्नास वर्षं चाललेल्या गटात पहिल्या पिढीची आग तशीच दाखवली तर ती खोटी वाटते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यानं १९११ साली म्हटलं होतं की संघटना वाढली की सूत्रं थोड्यांच्या हातात जातात आणि संघटना टिकवणं हाच हेतू होऊन बसतो. मला त्याचं म्हणणं अपुरं वाटतं, कारण त्यात नातू नाहीत. नातवाला आजोबांचा विचार मिळतो तो वाटणीत मिळालेल्या शेतासारखा. कुणी कसतो, कुणी खंडानं देतो, कुणी बांधावर उभा राहून नुसतं बघतो. तुमच्या गटात असे तीन नातू असू द्या.

त्या मुलीचा तिसरा खर्डा गेल्या महिन्यात आला. तिनं एक नवीन पात्र आणलं आहे, डोंगरावर तेल वाहणारी बाई. तिला खेपेमागे मजुरी मिळते. मशालीवर तिची श्रद्धा आहे. आणि तेल दरवर्षी वाढतंय म्हणजे रान कमी होतंय, हे पंथात सगळ्यात आधी तिलाच कळलं आहे, कारण वजन तिच्या डोक्यावर आहे. ती कुणाला सांगत नाही. एका संध्याकाळी ती घागरीतून मापभर तेल घरच्या पणतीसाठी काढून घेते, आणि घेण्याआधी बोट बुडवून कपाळाला लावते. तिथून पुढे मुलगी अडली आहे. घाटपंचांचा माणूस त्या बाईच्या दारात येऊन उभा आहे, आणि त्याला बसायला घोंगडं टाकायचं की नाही हे तिला ठरवता येत नाही.